दहावीनंतर उद्यमबागेची वाट : एका टर्नरचा अनुभव

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून मी दहावी उत्तीर्ण झालो, तेव्हा घरात दोनच गोष्टींची चर्चा होती. एक तर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, नाव घालायचे, नाहीतर गावातल्या इतर मुलांबरोबर गोव्याला कामाला जायचे. तिसरी वाट शेजारच्या काकांनी दाखवली. ते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतण्याच्या कारखान्यात, मोल्डिंगचे (साचे घालण्याचे) काम करत. त्यांनी वडिलांना एवढेच सांगितले, "पोराला आयटीआयला घाला, पण ट्रेड (कोणता धंदा शिकायचा ते) निवडायच्या आधी एक दिवस माझ्यासंगट कारखाना बघू दे." त्या एका दिवसामुळे माझा निर्णय झाला, आणि या भागातल्या प्रत्येक मुलामुलीने प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी असा एक दिवस काढावा, असे मला मनापासून वाटते.

बेळगावचा उद्योग बाहेरून पाहणाऱ्याला विखुरलेला वाटतो, पण त्याला एक साखळी आहे. फाउंड्रीत बिडाचे कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, तयार होते, ते मशीन शॉपमध्ये येते, तिथे टर्निंग, मिलिंग, बोअरिंग आणि ग्राइंडिंग, म्हणजे कापणे, कोरणे आणि घासून मापाला आणणे, होऊन पंपाचा, गाडीचा किंवा हायड्रॉलिक व्हॉल्व्हचा भाग तयार होतो. खानापूर रस्त्यावरची उद्यमबाग आणि मच्छे, महामार्गालगतचे काकती-होनगा, आणि हुक्केरी तालुक्यात हत्तरगीजवळ विमानांचे सुटे भाग बनवणारे औद्योगिक क्षेत्र, या सर्वांना माप सांभाळणारी माणसे लागतात. त्यामुळे फिटर, टर्नर, मशिनिस्ट आणि वेल्डर या ट्रेडना इथे घरापासून एका बसच्या अंतरावर काम मिळू शकते. जो अभ्यासक्रम या साखळीतल्या एखाद्या कड्याशी जोडलेला नाही, तो कितीही आकर्षक नावाचा असला तरी त्याची फी भरण्याआधी दोनदा विचार करावा.

मी टर्नर ट्रेड घेतला. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, वेल्डरचा एक वर्षाचा. आयटीआयमध्ये मला लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापणाऱ्या मशीनवर, हात बसवता आला, ड्रॉइंग वाचता आले, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही मापाची साधने धरता आली. पण काम म्हणजे काय, हे ॲप्रेंटिस, म्हणजे कारखान्यातला शिकाऊ, झाल्यावर कळले. हायड्रॉलिक व्हॉल्व्हमधला स्पूल, म्हणजे बोअरमध्ये (गोल भोकात) पुढेमागे सरकणारा पोलादी दांडा, ग्राइंड करण्याचे काम मला दिले होते. त्याचा व्यास २० मिलिमीटर होता आणि बोअरशी त्याची फट काही मायक्रॉनचीच, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांशांचीच, ठेवायची होती. कूलंटचा (थंड करणाऱ्या द्रवाचा) नोझल बाजूला सरकला होता, तो मी पाहिला नाही. जॉब, म्हणजे मशीनवरचा नग, हाताला गरम लागत होता, तरी मी माप घेतले. माप बरोबर आले, म्हणून पुढचे नग त्याच सेटिंगवर काढले. अर्ध्या तासाने तपासणीत सगळे नग बारीक निघाले. पोलाद साधारण २५ अंशांनी तापले, तर २० मिलिमीटरच्या व्यासात जवळजवळ ६ मायक्रॉन वाढ होते. जॉब गार झाला की ती वाढ जाते, आणि बाहेरून घासलेले माप परत भरून येत नाही. एका ट्रेमधले सगळे स्पूल भंगारात गेले.

त्या खात्यातले जुने मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी एक गरम आणि एक गार स्पूल माझ्या दोन हातांत दिला, दोन्हींची मापे माझ्याकडून कागदावर लिहून घेतली आणि म्हणाले, "जॉब गार होऊंदे आधी, मग मायक्रोमीटर लाव." धातू तापला की प्रसरण पावतो, हे मी शाळेत पाठ केले होते, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी समजला. कारखान्याशी बांधलेल्या प्रशिक्षणाचे मोल मी यातच मानतो.

ॲप्रेंटिसशिपबद्दल नवख्यांच्या मनात बरेच गैरसमज असतात. हे प्रशिक्षण १९६१ च्या कायद्याखाली चालते, त्याचा लेखी करार होतो, आणि २०१९ च्या नियमांनुसार आयटीआय उत्तीर्णासाठी महिन्याचे किमान विद्यावेतन ७,००० रुपये ठरवले होते. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना ॲप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे, पण चार माणसांच्या वर्कशॉपलाही इच्छा असल्यास घेता येतात. लहान मालकांना ही गोष्ट पुष्कळदा ठाऊक नसते, तेव्हा आपणच जाऊन सांगावी. मी पहिल्यांदा ज्या ठिकाणी गेलो, तिथे करार न करता सहा महिने हेल्परचे काम करवून घेतले गेले आणि त्याचा कुठलाही दाखला मिळाला नाही. कराराची नोंद झाल्याशिवाय कामाला सुरुवात करू नका, हे मी कळकळीने सांगतो.

भाषेचा प्रश्न आपल्या मुलांना सर्वांत जास्त घाबरवतो. ड्रॉइंग इंग्रजीत, कार्यालयीन अर्ज कन्नडमध्ये, आणि मशीनवर मराठी, कन्नड, हिंदी अशी मिसळ. मी एक वही केली होती आणि तिच्यात तीन रकाने आखले होते. माप म्हणजे अळते, लोखंड म्हणजे कब्बिण, वाळू म्हणजे मरळु, असे रोज चार-पाच शब्द त्यात जात. वर्षभरात शिफ्ट बदलताना सूचना समजून घेण्याइतके कन्नड मला आले. मातृभाषेवरचे प्रेम त्याने तसूभरही कमी झाले नाही, आणि सुपरवायझरच्या जागेसाठी विचार झाला तेव्हा ती वही उपयोगी पडली.

आयटीआयखेरीजही दारे आहेत. बेळगावातले सरकारी टूल रूम व प्रशिक्षण केंद्र, म्हणजे जीटीटीसी, दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा, म्हणजे हत्यारे आणि साचे बनवण्याचा, डिप्लोमा देते. त्यात तीन वर्षांच्या शिक्षणानंतर एक वर्ष कारखान्यात काढावे लागते. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्यांना पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. चालू महाविद्यालयातच स्थानिक उद्योगाला विचारून लहान अभ्यासक्रम सुरू करायचे आणि विद्यार्थ्याला प्रमाणपत्र घेऊन मध्येच कामाला लागण्याची व पुन्हा शिकायला येण्याची मुभा द्यायची, ही त्यामागची कल्पना. अमेरिकेत अशी दोन वर्षांची महाविद्यालये १९०१ पासून आहेत. मला ही कल्पना आपल्या तालुक्यांसाठी फार मोलाची वाटते, कारण शेतीच्या हंगामात घरी राबणाऱ्या मुलाला आणि लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या मुलीला सलग तीन वर्षे देता येत नाहीत. मात्र अशा अभ्यासक्रमाला नाव घालताना प्रात्यक्षिक कुठे होते, कोणत्या मशीनवर होते आणि मागच्या तुकडीतली मुले सध्या कुठे कामाला आहेत, हे तोंडी ऐकून घेण्यावर थांबू नये. त्यांपैकी एकाला प्रत्यक्ष भेटावे.

महाराष्ट्रातल्या चंदगडकडून येणाऱ्यांनी दहावी महाराष्ट्र बोर्डाची असल्यास पात्रतेच्या अटी संस्थेत आधीच विचाराव्यात. निकाल लागेपर्यंत थांबू नये, जातीचा व उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढून ठेवावा. आणि कारखाना पाहायला जाल तेव्हा पायात चप्पल नको, बूट घाला. धातूचे गरम चिप्स (कापताना निघणारे तुकडे) उडतात.