फास्टपिच सॉफ्टबॉल: रनर आणि पंचांनी या चुका टाळा

सोलापुरात शालेय सामन्यांना सकाळी फक्की नीट मारलेली असते. तिसऱ्या इनिंगपर्यंत पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या) वर्तुळाची रेघ काळ्या मातीत पार मिसळून जाते, आणि बरेचसे वाद तिथूनच सुरू होतात.

पिचर चेंडू घेऊन 8 फूट त्रिज्येच्या वर्तुळात आली आणि बॅटर-रनर (चेंडू मारून धावणारी बॅटर) पहिल्या बेसला, म्हणजे धावताना गाठायच्या पहिल्या ठिकाणाला, पोचली किंवा आऊट झाली, की बेसबाहेरच्या रनरने (एका बेसवरून पुढच्या बेसकडे धावणारीने) लगेच पुढे किंवा मागे निघायचं. रेंगाळली तर आऊट. एकदा दिशा धरली की पिचर तिच्यावर खेळ करेपर्यंत, म्हणजे तिला आऊट करू पाहीपर्यंत, ती बदलायची नाही. आपल्याकडे खो-खो खेळून आलेल्या मुली सवयीने हुलकावणी देतात आणि इथे ती हमखास अंगाशी येते. सरावात हे वेगळं घटवून घ्यावंच लागतं. पंचांनी पिचर्स प्लेटच्या (पिचर जिथून चेंडू टाकते त्या पट्टीच्या) पुढच्या कडेच्या मध्यावर खिळा ठोकून 8 फुटी दोरीने वर्तुळ आखून घ्यावं, आणि दर दोन इनिंगनंतर त्यावर पुन्हा फक्की मारून घ्यावी. रेषासुद्धा वर्तुळातच धरतात.

पहिल्या बेसला पांढरा आणि रंगीत असे दोन भाग असलेला डबल बेस आला, पण पाय अजून जुन्या सवयीने पांढऱ्यावरच पडतो. पहिल्या बेसवर खेळ होत असेल तर बॅटर-रनरने रंगीत भागालाच पाय लावायचा, पांढरा फील्डरचा. एकदा पुढे पळून गेल्यावर मात्र परत यायचं ते पांढऱ्यावर. ती चुकून पांढऱ्यावरून गेली तर पंचांनी आपणहून आऊट देऊ नये. ती परतण्याआधी विरोधी संघाने अपील करायला हवं. चेंडू फाऊलच्या बाजूने (मैदानाच्या रेषेबाहेरून) फेकला जात असेल, उदाहरणार्थ कॅचरच्या (बॅटरमागच्या फील्डरच्या) हातून तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू निसटल्यावर, तर दोघींनाही कोणताही भाग वापरता येतो.

सगळ्यात जास्त अन्याय अडथळ्याच्या निर्णयात होतो. जुन्या नियमात ‘चेंडू येतच होता’ म्हणून फील्डरला बेस अडवता यायचा. आता फील्डरच्या हातात चेंडू नसेल आणि ती बॅटरने मारलेला चेंडू अडवतही नसेल, तर रनरची वाट अडवणं म्हणजे अडथळाच. इथे पंच घाईने ‘डेड बॉल’ (खेळ थांबला) ओरडतात आणि रनरचा पुढचा बेस जातो. डाव्या हाताची मूठ बाजूला धरा, खेळ चालू द्या. अडथळा झालेली रनर पोचू शकली असती त्या बेसच्या आधी आऊट झाली, तरच खेळ थांबवून तो बेस द्या. रनरनेही मूठ पाहून थांबू नये, पळत राहावं.

बेस लवकर सोडण्याचं म्हणाल तर चेंडू पिचरच्या हातून सुटल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर डेड बॉल आणि रनर आऊट. बेस पंचाने अशा जागी उभं राहावं, जिथून पिचरचा हात आणि रनरचा बेसवरचा पाय मान न वळवता दिसतो.