सार्वजनिक चार्जरवर इलेक्ट्रिक कार चार्ज करताना: घरातल्या तयारीपासून गन परत लावेपर्यंत

पेट्रोल पंपावर गाडी वळवताना आपण कुणाला काही विचारत नाही. चार्जरच्या बाबतीत मात्र तीन प्रश्न घरून निघण्याआधीच सुटायला हवेत: गन (चार्जरच्या केबलच्या टोकाचा प्लग) आपल्या गाडीला बसते का, आपल्याला आत सोडतात का, आणि चार्जर आज चालू आहे का. रस्त्यात होणारी बहुतेक फजिती या तिन्हींपैकी एक प्रश्न न विचारल्यामुळे होते.

गन कोणती

आज भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांचं जलद चार्जिंग सीसीएस-२ गनने होतं. वर सात छिद्रांचा गोल, खाली दोन जाड पिना, असं तिचं रूप. वरचा गोल भाग म्हणजेच टाइप-२. एसी, म्हणजे संथ, चार्जरवर फक्त हाच भाग वापरतात. जलद चार्जिंग डीसीने होतं. काही जुन्या ठिकाणी १५ किलोवॅटचे भारत डीसी-००१ चार्जर अजून दिसतात. त्यांची जीबी-टी गन सुरुवातीच्या टॅक्सी ताफ्यांतल्या गाड्यांसाठी होती. ती सीसीएस-२ गाडीला बसत नाही, म्हणून चार्जर शोधायच्या अॅपमध्ये फिल्टर लावताना 'डीसी' एवढंच निवडून थांबू नका, गनचं नावही निवडा.

एमजी कॉमेटसारख्या छोट्या गाडीला डीसी चार्जिंगच नाही. तिच्यासाठी हायवेवरचा ६० किलोवॅटचा चार्जर असून नसल्यासारखाच. एसी चार्जर किंवा १५ अँपिअरचा सॉकेटच शोधावा लागतो. दुचाकींचंही निराळं आहे. कारच्या गनने स्कूटर चार्ज होत नाही. दुचाकींसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२३मध्ये वेगळ्या कनेक्टरचं मानक ठरवलं, तरी अनेक कंपन्यांचे कनेक्टर अजून आपापले आहेत. स्कूटरवाल्यांनी घरचा चार्जर डिकीत ठेवलेला बरा.

आत सोडतात का

चार्जिंग स्टेशन उभारायला विजेचा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८मध्येच स्पष्ट केलं. त्यामुळे चार्जर नाना ठिकाणी उभे राहिले, आणि प्रत्येक जागेचा कायदा वेगळा. पेट्रोल पंपावरचा चार्जर सहसा सर्वात भरवशाचा: रात्री उजेड, माणूस हजर, गेट नाही. मॉलमधला चार्जर मॉलच्या वेळेत चालतो आणि पार्किंगचे पैसे वेगळे पडतात. हॉटेलमधला चार्जर कधी फक्त मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी, तर कधी जेवणाऱ्यांसाठीही असतो. आधी फोन केला तर वॉचमनशी वाद टळतो. गाड्यांच्या शोरूममधला चार्जर संध्याकाळी शटरसोबत बंद होतो, साप्ताहिक सुट्टीला मिळत नाही, आणि काही ठिकाणी दुसऱ्या कंपनीच्या गाडीला नकार मिळतो. सोसायट्या आणि आयटी पार्कमधले चार्जरही नकाशावर दिसतात. ते बाहेरच्यांसाठी नसतात, असंच धरून चाला.

किलोवॅट आणि वेळेचा हिशोब

चार्जरवर ६० किलोवॅट लिहिलेलं असलं तरी गाडी स्वतःच्या कमाल मर्यादेएवढीच वीज घेते. एक किलोवॅटने तासभर वीज घेतली की एक युनिट होतं. ४० युनिटची बॅटरी २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायला २४ युनिट लागतात. ५० किलोवॅटने कागदावर हे २९ मिनिटांत व्हायला हवं. प्रत्यक्षात ४० ते ४५ मिनिटं धरा. बॅटरी गरम असेल किंवा भरत आली असेल तर गाडीच प्रवाह कमी करते. ८० टक्क्यांनंतर तर वेग इतका पडतो की शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या ६० टक्क्यांएवढा वेळ जाऊ शकतो. हायवेवर १०० टक्के भरण्यात अर्थ नाही. अपवाद एकच: पुढचा चार्जर खरोखर लांब असेल तेव्हा.

दोन गनचे बरेच ६० किलोवॅटचे चार्जर दोन्ही गन चालू झाल्या की ३०-३० वाटून देतात. शेजारी गाडी लागलेली असेल तर तुमचे ४५ मिनिटं सव्वा तासावर जाऊ शकतात. रांग नसलेला वेगळा चार्जर दहा किलोमीटरवर असेल तर तिकडे जाणं फायद्याचं.

थांबा कुठे घ्यायचा

जाहिरातीतली रेंज बाजूला ठेवा. गेल्या ५०० किलोमीटरमध्ये एका युनिटला किती किलोमीटर मिळाले, तो आकडा गाडीच्या स्क्रीनवर असतो, तोच खरा. नियम साधा ठेवा: ठरवलेल्या चार्जरवर २० टक्के शिल्लक असताना पोचायचं, आणि त्या २० टक्क्यांत गाठता येईल असा दुसरा चार्जर आधीच हेरून ठेवायचा. ४० युनिटच्या बॅटरीत २० टक्के म्हणजे ८ युनिट. युनिटला ७ किलोमीटर धरले तर ५६. शेवटचे ५ टक्के हिशोबातून काढले की उरतात साधारण ४०. म्हणून दुसरा चार्जर ४० किलोमीटरच्या आत हवा, आणि शक्यतो दुसऱ्या कंपनीचा. एकाच कंपनीचं सर्व्हर बंद पडलं तर तिचे दोन्ही चार्जर एकदमच रुसतात.

पुण्याहून कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. खरी रेंज २५० असलेली गाडी कागदावर एका दमात पोचते, पण जेमतेम ८ टक्के घेऊन. त्यापेक्षा कराडला, सुमारे १६० किलोमीटरवर, ३५ टक्क्यांच्या आसपास थांबणं शहाणपणाचं. बॅटरी निम्म्याहून रिकामी असल्यामुळे ती वेगाने भरते, आणि चार्जर बंद निघाला तरी मागेपुढे जायला जीव उरतो.

घाटाचा खर्च वेगळा धरा. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची गाठावी लागते. माणसं आणि सामान धरून १,९०० किलोच्या गाडीला एवढ्या चढासाठी सपाट रस्त्याच्या खर्चाखेरीज ३ ते ३.५ युनिट लागतात, म्हणजे ४० युनिटच्या बॅटरीचे ८ टक्के. उतरताना मोटरच उलट वीज तयार करते आणि यातला बराच भाग परत मिळतो, मात्र बॅटरीत जागा असली तरच. लोणावळ्यात १०० टक्के भरून घाट उतरायला घेतला तर ती वीज साठवायला जागा नसते, आणि ब्रेकवरचा भार वाढतो. घाटमाथ्यावर ८० ते ८५ टक्क्यांना थांबा.

समृद्धी महामार्गावर कारची वेगमर्यादा १२० आहे, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० आणि १२०च्या वेगात रेंजचा फरक सहज पाव भाग पडतो. चार्जर लांब वाटू लागला की पहिला उपाय उजव्या पायात असतो.

आदल्या रात्री

वाटेवर ज्या कंपन्यांचे चार्जर आहेत त्यांची अॅप्स घरीच उतरवून घ्या. टाटा पॉवर ईझी चार्ज, स्टॅटिक, चार्जझोन, झिऑन, जिओ-बीपी पल्स यांपैकी दोन-तीन पुरतात. महावितरणचं पॉवरअप ईव्ही आणि केंद्र सरकारचं ईव्ही यात्रा ही अॅप्सही पाहून ठेवा. नोंदणी, ओटीपी, गाडीची माहिती आणि वॉलेटमधले पैसे, सगळं घरच्या नेटवर्कवर उरका. घाटात आणि कोकणात ओटीपीची वाट पाहत उभं राहण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. कंपनी आरएफआयडी कार्ड (चार्जरला टेकवून चार्जिंग सुरू करायचं कार्ड) देत असेल तर मागवून घ्या. मोबाइलला रेंज नसताना ते पुष्कळदा कामी येतं.

अॅपमधल्या 'उपलब्ध' शब्दावर एकट्यावर विसंबू नका. चार्जरचं इंटरनेट तुटलं की काही वेळा जुनीच स्थिती दिसत राहते. प्लगशेअरवर, म्हणजे गाडीवालेच चार्जरच्या नोंदी लिहितात त्या अॅपवर, तिथे शेवटची गाडी कधी चार्ज झाली ते पाहा. गेल्या दोन-तीन दिवसांतली यशस्वी नोंद ही सर्वात चांगली खूण. नोंद जुनी असेल तर दिलेल्या नंबरवर फोन करून नेमकं विचारा: आत्ता वीज आहे का, कोणत्या नंबरची गन चालते, किती वाजेपर्यंत उघडं असतं. 'चार्जर चालू आहे का?' एवढंच विचारलं तर उत्तर नेहमी 'हो' येतं.

चार्जरपाशी

केबल जाड आणि ताठ असते, गाडीभोवती वळसा घालत नाही. आपलं पोर्ट पुढे आहे, मागे आहे की बाजूला, त्याप्रमाणे गाडी लावा. गाडी पार्कमध्ये टाका आणि बंद करा. गनच्या तोंडात पाणी, चिखल किंवा वाकडी पिन नाही ना, ते पाहा. मग ती सरळ रेषेत, 'खट' आवाज येईपर्यंत आत ढकला.

आता क्यूआर स्कॅन करा आणि गनचा नंबर नीट वाचा. शेजारची गन निवडली गेली तर चार्जर वाट पाहून चार्जिंगचं सत्र रद्द करतो. काही अॅप्स आधी सत्र सुरू करून मग गन लावायला सांगतात. स्क्रीनवरचा क्रम पाळा. रक्कम किंवा युनिट टाकल्यावर गाडी आणि चार्जर आपसात बोलतात, गन कुलूपबंद होते, इन्सुलेशनची (कुठे वीज गळत नाही ना, याची) तपासणी होते, आणि अर्ध्या-एक मिनिटाने प्रवाह सुरू होतो. या वेळात गनला हात लावू नका. गाडीच्या स्क्रीनवर किलोवॅटचा आकडा स्थिर दिसल्यावर आणखी तीन मिनिटं तिथेच थांबा. बंद पडायचं असेल तर बहुधा याच वेळात बंद पडतं. चहाला जाताना डॅशबोर्डवर मोबाइल नंबर ठेवा.

अडलं तर

स्क्रीन काळी असेल तर आधी लाल इमर्जन्सी बटण पाहा. कुणीतरी दाबून गेलेलं असतं. बाणाच्या दिशेने फिरवलं की ते बाहेर येतं, आणि दोन-तीन मिनिटांत चार्जर पुन्हा सुरू होतो. त्याआधी आसपास धूर, जळका वास किंवा तुटकी केबल नाही याची खात्री करा. बटण कारणानेही दाबलेलं असू शकतं. चार्जरचा दरवाजा उघडून आतले एमसीबी (वीज तोडणारे स्विच) हाताळू नका. हेल्पलाइनवाले बऱ्याचदा लांबूनच चार्जर रीस्टार्ट करतात, तेच सांगा.

सुरू होऊन अर्ध्या मिनिटात थांबत असेल तर संशय संपर्कावर. केबलच्या वजनाने गन खाली झुकते आणि बारीक पिनांचा संपर्क सुटतो. गन काढा, गाडी एकदा लॉक-अनलॉक करा, गन पुन्हा लावा आणि तपासणी होईपर्यंत केबलला खालून आधार द्या. तरीही नाही झालं तर दुसरी गन.

इन्सुलेशन किंवा अर्थ फॉल्ट आला, विशेषतः पावसात, तर गन फडक्याने पुसून एकदाच प्रयत्न करा. पुन्हा तोच संदेश आला तर तिथून निघा. ही सूचना तुमच्या जिवासाठी आहे.

गन अडकली तर आधी सत्र खरंच संपलंय का ते अॅपमध्ये पाहा. मग किल्लीने गाडी अनलॉक करा, गन किंचित आत दाबा आणि सरळ ओढा. अनेक गाड्यांत कुलूप हाताने सोडवायची दोरी असते. ती कुठे आहे, हे घरीच पुस्तिकेत बघून ठेवा.

पैसे कापले पण वीज आली नाही, तर चार्जरचा क्रमांक, व्यवहार क्रमांक आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट जागेवरच घ्या. यांशिवाय केलेली तक्रार नुसती फिरत राहते.

ढाब्यावरचा सॉकेट

दोन्ही चार्जर बंद निघाले तर १५ अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट उरतो. तासाला अडीच-तीन युनिट, म्हणजे १५ ते २० किलोमीटर, एवढंच त्यातून मिळतं. पोर्टेबल चार्जरवर अर्थचा लाल दिवा लागला तर अर्थिंग नाही असं समजा. तिथे पिनेशी जुगाड करू नका. दुसऱ्या खोलीतला किंवा मीटरजवळचा सॉकेट मागा. एक्स्टेंशन लावावंच लागलं तर निदान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तार हवी आणि गुंडाळी पूर्ण उलगडलेली हवी, नाहीतर ती तापून वितळते. पंधरा मिनिटांनी प्लगला हात लावून पाहा. चटका बसत असेल तर काढून टाका. पैसे युनिटवर आधीच ठरवा: ३ किलोवॅटने ४ तास म्हणजे १२ युनिट.

बिल आणि जागा सोडणं

चार्जिंग सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. युनिटला २० रुपये दर दाखवला असेल तर २४ युनिटचे ४८० आणि कर ८६ रुपये ४० पैसे, मिळून ५६६ रुपये ४० पैसे. दाखवलेला दर करासह आहे का, ते सुरू करण्याआधी बघा. केंद्राच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत स्टेशनला मिळणारी वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट, आणि इतर वेळी १.३ पट दराने असावी असं म्हटलं आहे. दर वेळेनुसार बदलणाऱ्या चार्जरवर दुपारच्या जेवणाचा थांबा स्वस्त पडतो.

रांग असेल तर ८० टक्क्यांना गाडी हलवा. चार्जिंग संपल्यावरही गाडी उभी ठेवली तर काही कंपन्या मिनिटाप्रमाणे दंड लावतात. सत्र अॅपमधून थांबवा, प्रवाह शून्य झाल्यावर गन काढा आणि तिच्या खाचेत अडकवा. जमिनीवर टाकलेल्या गनमध्ये शिरलेली माती पुढच्या गाडीच्या पोर्टात जाते.

निघण्याआधी प्लगशेअरवर एक ओळ लिहा: तारीख, गनचा नंबर, किती किलोवॅट मिळाले, गेट किती वाजता बंद होतं. चार्जर बंद निघाला असेल तर स्क्रीनवरचा फॉल्टचा शब्दही जसाच्या तसा टाका. मागून दहा टक्क्यांवर येणारा गाडीवाला ती ओळ वाचून आदल्याच चार्जरवर थांबेल.