रेसमिक नमुना आधी मोजा

एम.एस्सी. संपवून संशोधनाला लागलेली मुलं विचारतात, "दादा, कायरल हॅलाइडमध्ये सुरुवात कुठून करू?" कायरल हॅलाइड म्हणजे डावं-उजवं रूप असलेला सेंद्रिय रेणू शिसे-हॅलाइडच्या चौकटीत बसवून केलेले स्फटिक; मला त्यांच्यातून पिळाचा आणि तरीही पांढरा उजेड हवा आहे. मी त्यांना उद्यमनगरातल्या लेथची आठवण करून देतो. डाव्या आट्यांचा नट उजव्या आट्यांच्या बोल्टवर कितीही फिरवा, बसत नाही. कायरॅलिटी म्हणजे हेच.

मिथाइलबेंझिलअमाइनची आर आणि एस ही दोन रूपं अशीच, एकमेकांची आरशातली प्रतिमा. त्यातलं एक लेड ब्रोमाइडच्या चौकटीत बसवलं की त्याचा पीळ चौकटीलाही लागतो आणि बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचं कंपन थोडं डावीकडे किंवा उजवीकडे गोल फिरतं; हे वर्तुळाकार ध्रुवण. एकाच रेषेत होणारं कंपन म्हणजे रेषीय ध्रुवण. पांढरेपणा मात्र पिळातून येत नाही. चौकट पुरेशी वाकडीतिकडी आणि मऊ असेल तर इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली रिकामी जागा) यांची जोडी भोवतालची अणूंची जाळी वाकवून तिथंच अडकते आणि निळ्यापासून तांबड्यापर्यंत पसरलेला उजेड देते. हे दोन्ही एकाच स्फटिकात जुळवणं फार अवघड आहे आणि मला त्याचंच वेड आहे.

माझे दोन महिने एका चुकीत गेले. ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली फिल्म छान पांढरी उजळली, ध्रुवणाचा सिग्नलही दणदणीत आला. मग सरांनी विचारलं, "रेसमिक मोजलास?" मोजला, तर त्यातही तोच सिग्नल! आर आणि एस समप्रमाणात असलेल्या नमुन्यात तो शून्य यायला हवा. फिल्म नव्वद अंशांत फिरवली तर चिन्हच उलटलं. फिल्ममधले स्फटिक एका दिशेला रांगेत बसले होते, आणि मी रेषीय ध्रुवणाला वर्तुळाकार समजत होतो. डाव्या आणि उजव्या प्रकाशातला फरक सांगणारा आकडा, म्हणजे जी-फॅक्टर, जास्तीत जास्त २ असू शकतो, पण आपल्या हाती बहुधा ०.००१ च्या आसपासच येतो. एवढ्याशा आकड्याला असा गोंधळ सहज गिळून टाकतो.

म्हणून आर, एस आणि रेसमिक हे तिन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या हायड्रोब्रोमिक आम्लातून बनवा. आर आणि एसचे आलेख आरशासारखे उलटे यायला हवेत. नमुना फिरवून, पालथा करून पुन्हा मोजा.

अमाइनच्या बाटलीचं झाकण लगेच लावा. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तोंडाशी पांढरी खपली धरते, आणि मग वजन करून घेतलेल्या अमाइनवर भरवसा राहत नाही. जुलैत आपल्याकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा स्फटिक गाळले की लगेच व्हॅक्यूममध्ये सुकवा. आणि शिसं आहे, हातमोजे काढून चहाला जा, धुवण सिंकमध्ये ओतू नका.