वासराचा गुडघा सुजला? आधी बेंबी चाचपा

वासराचा गुडघा सुजला की माणसं पायालाच धरून बसतात. गाईनं लाथ मारली असेल, घसरलं असेल, गारठा बसला असेल. मग हळद-तेल चोळा, एरंडाचं पान बांधा. पंधरा दिवसांच्या आतलं वासरू लंगडतंय म्हटलं की मी आधी बेंबीला हात घालतो, आणि दोन सांधे सुजले असतील तर शंकाच नको. ओल्या नाळेतून जंतू आत शिरतात, रक्तात उतरतात आणि सांध्यात मुक्काम ठोकतात.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. एका श्रावणात आमची पहिलारू गाय रात्री व्याली. कालवड झाली. बाहेर पाऊस, गोठ्यात राडा, लाइट गेलेली. नाळ आपोआप तुटली होती. टॉर्च मारून बघितली आणि झोपायला गेलो. नवव्या दिवशी कालवड पुढच्या पायानं लंगडायला लागली. लाथ लागली असं ठरवून चार दिवस चोळत बसलो. शेजारच्या आबांनी डाग द्यायला विळा तापवला, तोवर दुसराही गुडघा सुजला. डॉक्टर आले, त्यांनी कालवड आडवी पाडली आणि पहिल्यांदा बेंबी दाबली. चमचाभर पू आला. कालवड जगली, पण उजवा गुडघा पुन्हा वाकलाच नाही. गुडघ्यावर टेकता येत नसल्यामुळे ती दर वेळी भिंतीला अंग घासत उठायची. पुवानं सांध्यातली कूर्चा एकदा खाल्ली की कुठलंच इंजेक्शन ती परत आणत नाही.

तेव्हापासून गोठ्यात ७ टक्के टिंक्चर आयोडीनची बाटली आणि खोकल्याच्या औषधाचं मापटं खुंटीलाच टांगलेलं असतं. मापटं भरायचं, नाळ मुळापर्यंत त्यात बुडवून अर्धा मिनिट धरायची. सकाळ-संध्याकाळ, नाळ सुकेपर्यंत. नाळ लांब लोंबत असेल तर पोटापासून दोन इंचांवर आयोडीनमध्ये भिजवलेल्या दोऱ्यानं बांधून खाली नव्या ब्लेडनं कापतो. कापसाचा बोळा फिरवून ‘लावलं की औषध’ म्हणणारे मला चालत नाहीत. राख आणि शेण लावणाऱ्यांशी तर मी वादच घालत नाही.

दुसरी खोड चिकाची, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधाची. ‘जार (वार) पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही’ हे अजून ऐकतो तेव्हा डोकं फिरतं. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायची शिदोरी जवळजवळ नसते, ती चिकातूनच येते. आणि ती शोषून घेणारं आतड्याचं दार तासातासानं मिटत जातं, २४ तासांत बंद. तीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात तीन लिटर चीक, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. जार पडायची तेव्हा पडेल.

दोन दिवसांत वासरू उड्या मारायला लागलं म्हणून अँटिबायोटिक बंद करू नका. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस टोचा.

मेडिकलमधून माणसांचं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध आणून टोचणारेही भेटतात. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण ते टोचलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडं मेली. डॉक्टरांना विचारा, ते मेलॉक्सिकॅम देतील.

बेंबीची गाठ मऊ असून दाबली की आत जात असेल तर तो हर्निया. ब्लेड लावाल तर आतडं हातात येईल.

आणि मोठ्या गाईच्या गुडघ्यावरची थंड, न दुखणारी गाठ हा वेगळाच प्रकार. ती कोब्यावर बसून-उठून येते. तिला सुई खुपसू नका, गाईखाली रबरी मॅट टाका.