कार-टी रिसेप्टर घडवताना या चुका टाळा

कार-टी म्हणजे रुग्णाच्या टी-पेशींवर (प्रतिकारशक्तीच्या पेशी) कॅन्सर ओळखणारा कृत्रिम रिसेप्टर, म्हणजे 'कार', बसवण्याचा उपचार. या पेशी कॅन्सरला मारत नाहीत म्हटलं की आधी ट्यूमरच्या नावाने बोटं मोडली जातात. माझ्या मते आधी रिसेप्टरकडे बघावं, कारण गडबड बऱ्याचदा तिथेच असते.

त्यातली सगळ्यात चकवणारी गोष्ट टॉनिक सिग्नलिंग. रिसेप्टरच्या बाहेरच्या टोकाला असलेले अँटिबॉडीचे तुकडे एकमेकांना चिकटतात आणि समोर अँटिजेन (पकडायचं लक्ष्य) नसतानाही सिग्नल चालूच राहतो. टी-पेशी रुग्णाच्या शरीरात जाण्याआधीच थकतात. काही ट्यूमरवर असणारा जीडी२ रेणू ओळखणाऱ्या १४जी२ए तुकड्याबाबत हे घडलं, बी-पेशींवरचं सीडी१९ प्रथिन ओळखणाऱ्या एफएमसी६३ तुकड्याबाबत घडलं नाही. २०१५च्या त्याच अभ्यासात आतल्या भागात सीडी२८ या जोडसिग्नल देणाऱ्या तुकड्याऐवजी ४-१बीबी हा तुकडा घातल्यावर थकवा कमी झाला. म्हणून लक्ष्यपेशी न घालता वाढवलेली एक प्लेट हवीच: तिथे इंटरफेरॉन गॅमा (पेशी सक्रिय झाल्याची खूण) सुटत असेल, पीडी-१, टिम-३ आणि लॅग-३ या थकव्याच्या तिन्ही खुणा चढलेल्या असतील, तर मारण्याची चाचणी नंतर, आधी डिझाइन बदला.

पकड जितकी घट्ट तितकी चांगली, हा दुसरा गैरसमज, आणि तो जिवावर बेततो. २०१०मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णाला ईआरबीबी२ या ट्यूमरवरच्या प्रथिनाविरुद्धच्या कार-टी पेशी दिल्यावर पंधरा मिनिटांत श्वास लागला आणि पाच दिवसांनी तो दगावला. फुप्फुसाच्या निरोगी पेशींवरचं अगदी थोडं ईआरबीबी२ही त्या रिसेप्टरने टिपलं असावं. एमएजीई-ए३ या ट्यूमरच्या प्रथिनासाठी पकड मुद्दाम वाढवलेल्या टीसीआरने (टी-पेशीचा नैसर्गिक प्रकारचा रिसेप्टर) हृदयातलं टायटिन हे प्रथिन ओळखलं आणि दोन रुग्ण गेले. हृदयाच्या नेहमीच्या कल्चरमध्ये काहीच दिसलं नव्हतं. स्टेम सेलपासून बनवलेल्या, धडधडणाऱ्या पेशी वापरल्या तेव्हा कारण सापडलं. उंदरावर भिस्त ठेवू नका. मानवी प्रथिनासाठी घडवलेला रिसेप्टर उंदराचं प्रथिन ओळखतच नसेल, तर 'सुरक्षित' या निकालाला काय अर्थ?

मधल्या दांड्याकडे, म्हणजे हिंजकडे, सहसा दुर्लक्ष होतं. एपिटोप (लक्ष्यावरची पकडायची जागा) पेशीच्या पडद्याच्या जवळ असेल तर लांब हिंज, दूर असेल तर आखूड, असा ढोबळ नियम. आयजीजी४ या अँटिबॉडीचा लांब भाग वापरलात तर इतर पेशींवरच्या एफसी रिसेप्टरला चिकटणारा त्यातला सीएच२ हा तुकडा बदलून घ्या.

एफएमसी६३ मूळचा उंदराचा, त्यामुळे रुग्णाची प्रतिकारशक्ती त्याच्यावरच उलटू शकते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून आलेल्या, ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळालेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचारात म्हणूनच मानवीकृत तुकडा आहे.

आजार उलटला आणि फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरची प्रथिनं तपासणारी चाचणी) सीडी१९ दिसला नाही, की 'अँटिजेन गेला' असं लिहून मोकळं होण्याची घाई नको. २०१८मध्ये नोंदलेल्या एका रुग्णात, पेशी तयार करताना ल्युकेमियाच्या एकाच बी-पेशीत कारचा जीन शिरला होता. तिच्या वंशातल्या पेशींवरच्या कारने स्वतःचाच सीडी१९ झाकून टाकला होता. अशा नमुन्यात सीडी१९बरोबर कारचंही स्टेनिंग करा.