सेव्हियातील पाच दिवस: उन्हाचे वेळापत्रक आणि रेल्वेचे

मे महिन्यात सकाळी दहाच्या आत बाहेरची कामे उरकावीत, बारा ते पाच दारे-खिडक्या लावून घरात बसावे आणि दिवेलागणीला पुन्हा बाजारात निघावे, हा जळगाव-भुसावळचा शिरस्ता आहे. दक्षिण स्पेनमधील सेव्हियाचा, म्हणजे इंग्रजी नकाशावरील सेव्हिलचा, उन्हाळी शिरस्ताही हाच आहे. तरीही तिथे पोहोचलेला आपला माणूस घरची शिस्त विसरून भर दुपारी रस्त्यावर उतरतो. आम्हीही उतरलो. जूनमधल्या पहिल्याच दिवशी दुपारी अडीच वाजता आईला घेऊन प्लासा दे एस्पान्या या प्रसिद्ध चौकात गेलो. तिथल्या रंगीत फरश्यांच्या बाकावर ती टेकली आणि तव्याला हात लागावा तशी उठली. बग्गीचे घोडेसुद्धा सावलीला उभे होते. त्यानंतरचे चार दिवस आम्ही घरच्याप्रमाणे घालवले आणि ते चांगले गेले.

शक्य असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च हा काळ निवडावा. जुलै-ऑगस्टमध्ये तेथील पारा अनेकदा ४० अंशांच्या वर जातो. उष्णतेच्या लाटांना चक्रीवादळांप्रमाणे नावे देण्याचा प्रयोग या शहराने २०२२ मध्ये सुरू केला आणि पहिल्या लाटेचे नाव ‘सोए’ ठेवले, यावरून काय ते समजावे. ईस्टरच्या आधीचा आठवडा आणि वसंतातली फेरिया ही जत्रा पाहण्यासारखी असली, तरी त्या दिवसांत हॉटेलांचे दर कित्येक पटींनी चढतात. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. त्याचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो असून, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

मुंबईहून बहुधा माद्रिदला उतरावे लागते आणि तेथील आतोचा स्थानकातून सेव्हियासाठी वेगवान गाडी मिळते. ही गाडी सुमारे अडीच तासांत सेव्हियाच्या सांता हुस्ता स्थानकात पोहोचवते. तिकीट जितके आधी काढावे तितके स्वस्त पडते. भुसावळच्या वाचकांना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही: स्पेनच्या जुन्या लोहमार्गांची रुंदी १६६८ मिलिमीटर आहे, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा केवळ आठ मिलिमीटर कमी, मात्र १९९२ मध्ये सुरू झालेला माद्रिद-सेव्हिया हा देशातील पहिला वेगवान मार्ग उर्वरित युरोपाप्रमाणे १४३५ मिलिमीटरचा बांधला गेला. या गाडीत चढण्यापूर्वी सामानाची क्ष-किरण तपासणी होते आणि सुटण्याच्या वेळेआधीच फलाटाचे प्रवेशद्वार बंद होते. चालत्या गाडीचा दांडा पकडण्याची आपली हातोटी तिथे निरुपयोगी आहे. अर्धा तास आधी पोहोचावे.

मुक्काम जुन्या शहरात, कॅथेड्रलपासून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या आत घ्यावा. चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही, कारण दुपारी खोलीवर परतून झोप काढता आली पाहिजे. दूरच्या स्वस्त खोलीत राहिल्यास ही झोप बुडते आणि तिच्याबरोबर संध्याकाळही. अनेक छोटी दुकाने दोन ते पाच बंदच असतात. शिवाय स्पेनचे घड्याळ मध्य युरोपाबरोबर चालत असल्यामुळे जूनमध्ये सेव्हियात सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे झोपेनंतरही हातात पाच तासांचा उजेड शिल्लक राहतो.

सकाळचा पहिला मान आल्कासार या राजवाड्याला द्यावा. त्याचे तिकीट ठरावीक वेळेचे असते आणि ते घरूनच ऑनलाइन काढून ठेवावे. खिडकीवर काढू म्हणणाऱ्यांची रांग भिंतीला वळसा घालून उन्हात उभी असते. चौदाव्या शतकात पेद्रो या ख्रिस्ती राजाने मुस्लिम कारागिरांकडून हा महाल बांधून घेतला आणि भिंतींवर अरबी लिपीत स्वतःचा उल्लेख ‘सुलतान’ असा करवून घेतला. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाने कोरवलेला संस्कृत शिलालेख ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या भिंतीपुढे थोडा वेळ थांबावेसे वाटेल. बहुतेक लोक नक्षीचे फोटो काढून पुढे सरकतात. खरे तर तिथे शांतपणे बसून मागची बाग आणि पाण्याचे पाट पाहण्यात तास सहज जातो.

कॅथेड्रल दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असल्यामुळे तो दिवस टाळलेला बरा. आत कोलंबसाची कबर आहे, तिच्याभोवती गर्दीही तशीच असते. मात्र चुकवू नये तो हिराल्दा मनोरा. बाराव्या शतकात मशिदीचा मिनार म्हणून बांधलेल्या या मनोऱ्यावर जाण्यासाठी पायऱ्यांऐवजी पस्तीस चढणी आहेत. अजान देणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावे म्हणून त्या तशा केल्या, असे सांगतात. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांसाठी ही सोय फार मोलाची आहे. सप्तशृंगीच्या पायऱ्यांना कंटाळलेली माझी आई, शेवटच्या काही पायऱ्या सोडल्या तर, कुरकुर न करता वर पोहोचली.

प्लासा दे एस्पान्या १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला असून तिथे प्रवेशशुल्क नाही. मात्र सूर्य कलल्यावरच जावे. नदीपलीकडचा त्रियाना भाग आणि शहराच्या मध्यातली लाकडी छत्र्यांची अवाढव्य नवी वास्तू एका संध्याकाळी उरकते. रस्त्यावर लगडलेली संत्री पाहून हात पुढे जाईल, पण ती कडू जातीची असून मुरंब्यासाठीच वापरतात.

शाकाहारी माणसाने जेवणाच्या बाबतीत सावध राहावे, घाबरू नये. ‘सिन कार्ने’ म्हणजे ‘मांसाविना’ एवढेच म्हटल्यास भाजीत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे किंवा सॅलडमध्ये मासा येऊ शकतो. म्हणून ‘नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन’, म्हणजे ‘ना मांस, ना मासा, ना डुकराचे खारवलेले मांस’, असे तिन्ही शब्द उच्चारावेत. पालक आणि काबुली चण्यांची जिरे घातलेली भाजी सेव्हियाची स्वतःची आहे आणि ती आपल्या जिभेला परकी वाटत नाही. साल्मोरेखो हे टोमॅटो-पावाचे थंड सार वरचे अंडे आणि मांस काढून मागवावे. रात्रीचे जेवण नऊनंतरच मिळते, त्यामुळे सहा वाजता भूक लागणाऱ्यांनी फळे जवळ बाळगावीत. दुकानात कॅनरी बेटांवरची ठिपकेवाली केळी मिळतात. रावेर-यावलच्या माणसाने ती जरूर खाऊन पाहावीत आणि मत स्वतःपाशी ठेवावे.

आता बाहेरगावच्या फेऱ्या. पाच दिवसांत एक पूर्ण दिवसाची आणि एक अर्ध्या दिवसाची, एवढ्याच कराव्यात. पूर्ण दिवस कोर्दोबाला द्यावा. वेगवान गाडीने तिथे पाऊण तासात पोहोचता येते. तेथील मेस्किता ही मशीद आठव्या शतकाच्या अखेरीस बांधायला सुरुवात झाली आणि पुढे दोनशे वर्षे वाढत गेली. आत साडेआठशेहून अधिक खांब आहेत. त्यांतले कित्येक जुन्या रोमन इमारतींचे काढून आणलेले असल्यामुळे उंचीला कमी पडत होते, म्हणून कारागिरांनी एका कमानीवर दुसरी कमान चढवून छत उचलले; लाल वीट आणि पांढरा दगड यांची आळीपाळीने केलेली रचना या दुहेरी कमानींवरच दिसते. खांबांच्या या अंधाऱ्या रानातून चालता चालता मध्येच प्रकाशाने भरलेले सोळाव्या शतकातले चर्च समोर उभे राहते, आणि दोन्ही वास्तू एकमेकींत अडकलेल्या आहेत हे पायांना आधी कळते, डोळ्यांना नंतर. इथेही सकाळी लवकर जावे. दुपारी बंद सावलीच्या ठिकाणी जेवायला बसून ‘बेरेंखेनास कोन मिएल’ मागवावे. वांग्याचे तळलेले पातळ काप आणि वरून चक्क उसाची काकवी! बामणोदच्या वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी खाणाऱ्याला हा प्रकार आधी अधर्म वाटतो, दुसऱ्या कापानंतर वाटत नाही.

अर्ध्या दिवसासाठी इतालिका योग्य आहे. इसवी सनापूर्वी २०६ मध्ये वसलेले हे रोमन नगर सेव्हियापासून नऊ किलोमीटरवर असून, प्लासा दे आर्मास बसस्थानकातून बस मिळते. सम्राट ट्राजनचा जन्म इथला. खुल्या प्रेक्षागृहाचे (अ‍ॅम्फीथिएटरचे) अवशेष आणि घरांच्या जमिनींवरची पक्ष्यांची चित्रे पाहण्यासारखी आहेत. पण सावली जवळजवळ नाही, म्हणून दार उघडताच आत शिरावे. सोमवारी बंद असते.

ग्रानादा शहरातला आल्हाम्ब्रा हा किल्लेवजा राजवाडा जाऊन-येऊन एका दिवसात करण्याचा मोह आवरावा. एका बाजूचाच प्रवास अडीच-तीन तासांचा आहे आणि तिकिटे आठवडेच्या आठवडे आधी संपतात; तिथे जायचेच असेल तर एक मुक्काम तिकडे हलवावा. रोंदाच्या खोल दरीवरचा पूल सुंदर आहे, परंतु बसचा घाट वळणावळणाचा असल्याने गाडी लागणाऱ्यांनी विचार करावा. ज्यांच्याकडे एखादा दिवस उरतो त्यांनी त्याऐवजी कादिसची साधी गाडी पकडावी; पावणेदोन तासांत समुद्र येतो. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर वाटेतले उत्रेरा स्थानक सुटल्यावर मोबाइल खिशात ठेवून खिडकीबाहेर पाहावे. स्पेनचा जवळजवळ सगळा कापूस याच आन्दालुसिया प्रांतात पिकतो, आणि त्या दिवसांत बोंडे फुटलेली पांढरी शेते रुळांलगत दिसू लागतात. वेचणी मात्र तिथे यंत्राने होते.