पूलच्या स्टिकची टिप: निवड, बसवणी आणि बेळगावच्या पावसातील निगा

पूल या टेबलावरच्या बॉलच्या खेळाचा स्वतःची स्टिक घेण्याइतका नाद लागला, की बहुतेक खेळाडू आधी बटावरची, म्हणजे मुठीकडच्या जाड भागावरची, नक्षी पाहतात, मग कंपनीचे नाव पाहतात आणि टिपकडे, म्हणजे टोकाच्या चामड्याच्या गोल तुकड्याकडे, सर्वांत शेवटी वळतात. पांढऱ्या बॉलला शिवते ती मात्र फक्त टिप, आणि तीही सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरती; स्क्रू (बॉल मागे आणणारी फिरकी), साईड (बाजूची फिरकी), वेग, जे काही बॉलमध्ये उतरायचे ते तेवढ्यातच उतरते. त्यामुळे ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत, त्याने साधी पण सरळ स्टिक घ्यावी, चांगली टिप घ्यावी आणि ती बसवण्याचे काम स्वतः शिकून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अथणीकडच्या कोरड्या हवेत एखादी टिप वर्षभर बिनतक्रार चालेल. खानापुरात किंवा बेळगावात झड लागली की तीच टिप फुगते, आणि त्या वेळी दरवेळी दुसऱ्यावर अवलंबून राहणे परवडत नाही.

स्टिकच्या निवडीत आपल्याकडे हमखास घोटाळा होतो तो स्नूकरच्या स्टिकने पूल खेळण्याचा. पुण्यात जन्मलेले आणि बंगळुरूत घडलेले पंकज अडवाणी हे पूल पार्लरमधल्या पोरांचे दैवत असले, तरी त्यांचे नाव मुख्यतः बिलियर्ड्स आणि स्नूकरसाठी आहे, आणि त्या खेळाची अवजारे वेगळी आहेत. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा आणि १५६ ते १७० ग्रॅम वजनाचा, म्हणजे चांगलाच जड असतो. स्नूकरची टिप ९ ते १० मिलिमीटरची, तर पूलची साधारण १२ ते १३ मिलिमीटरची असते. बारीक टिपने जड बॉलवर ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला जोरदार फटका, मारत राहिले, की ती लवकर दबते आणि तिच्या कडा फेरुलच्या, म्हणजे टिपखालच्या टोपीसारख्या कड्याच्या, बाहेर येतात. पूलसाठी मेपल लाकडाच्या शाफ्टची (शाफ्ट म्हणजे टोकाकडचा बारीक भाग), ५८ इंचांच्या आसपास लांबीची आणि १८ ते २१ औंस वजनाची स्टिक घ्यावी. वजनाबद्दल मन ठरत नसेल तर १९ औंस घेऊन टाकावी. घेताना स्टिकचे दोन्ही भाग सुटे करून टेबलाच्या सपाट पृष्ठभागावर आधी शाफ्ट आणि मग बट लोळवून पाहावा, नंतर जोडून पुन्हा लोळवावी. लोळताना शाफ्टखालची प्रकाशाची रेघ कमी-जास्त होत असेल, तर लाकडात बाक आहे असे समजावे. जोडल्यावर सांध्यात ट्यूबलाइटचा उजेड दिसता कामा नये. स्वस्त स्टिकला स्क्रूने आवळायची टिप येते, ती चार दिवसांत ढिली पडते. म्हणून चिकटवलेल्या टिपचीच स्टिक पाहावी.

टिप चामड्याची असते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्स्वा मँगो या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने स्टिकच्या टोकाला चामडे लावण्याची पद्धत रूढ केली आणि तेव्हापासून बॉलला हवी तशी फिरकी देता येऊ लागली. नुसते लाकूड मध्यापासून जरा बाजूला लागले की घसरते. बाजारात एकसंध चामड्याची आणि अनेक पातळ थर दाबून केलेली असे दोन प्रकार मिळतात. थरांची टिप महाग असते, आकार जास्त दिवस धरते, मात्र ओल लागली की क्वचित तिचे थर सुटतात. मऊ टिप बॉलला छान पकडते, पण दमट हवेत तीच सर्वांत आधी पसरते. त्यामुळे घाटाच्या कडेला राहणाऱ्याने मध्यम कडकपणाची एकसंध टिप घ्यावी, आणि १३ मिलिमीटरच्या फेरुलसाठी १४ मिलिमीटरची घ्यावी, म्हणजे कडा तासायला जागा राहते.

बसवताना सर्वांत जास्त वेळ जुनी टिप काढण्यात आणि फेरुलचे तोंड साफ करण्यात गेला पाहिजे, कारण नवी टिप सुटण्याचे कारण बहुधा तिथेच असते. धारदार ब्लेडने जुने चामडे आडवे कापून टाकावे आणि उरलेला गोंदाचा थर ब्लेड उभे धरून खरवडावा. जोराने घासू नये. फेरुलची एक कड खाली गेली, तर टिप कायमची तिरकी बसते. ब्लेडची सरळ पाठ तोंडावर ठेवून उजेडाकडे पाहिले, की खाचखळगा लगेच कळतो. टिपची खालची बाजू काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा गोल फिरवून खरखरीत करावी. चिकटवायला जेलसारखा दाट इन्स्टंट ग्लू वापरावा. किराणा दुकानात मिळणारा पाण्यासारखा पातळ ग्लू चामड्यात वर चढतो आणि ती जागा दगडासारखी होते. एक थेंब पुरतो. टिप मध्यावर ठेवून तिचे स्थान चहूबाजूंनी पाहावे, स्टिक उलटी करून टिप जमिनीवर टेकवावी, वरून सरळ दाब द्यावा आणि रात्रभर तिला हात लावू नये. ग्लूच्या डब्यावर काहीही लिहिलेले असो, पावसाळ्यात ही रात्र चुकवू नये.

दुसऱ्या दिवशी फेरुलवर मास्किंग टेप गुंडाळावी, टिप लाकडी पाटावर उलटी टेकवावी आणि बाहेर आलेली कड ब्लेडने वरून खाली थोडी थोडी उतरवावी. राहिलेला भाग पॉलिश पेपरने फेरुलच्या बरोबरीला आणावा. नंतर माथ्याला गोलाई द्यावी; एक रुपयाचे नाणे टिपमागे उभे धरून दोन्हींच्या कडा जुळतात का ते पाहावे, बहुतेकांना तेवढी गोलाई पुरते. शेवटी बाजूच्या कडेला पाण्याचे बोट लावून चामड्याच्या तुकड्याने ती तापेपर्यंत घासावी. कड चकाकू लागली की ती घट्ट झाली असे समजावे. पहिल्या काही फ्रेम (डाव) खेळल्यावर टिप थोडी पसरतेच. तेव्हा कड पुन्हा एकदा उतरवावी. पुढे टिप झिजून तिची जाडी दोन-अडीच मिलिमीटर उरली की बदलावी.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत लेथची वाण नाही, त्यामुळे ओळखीच्या टर्नरकडे स्टिक नेऊन पाच मिनिटांत काम उरकावे असे बेळगावकराला वाटणे स्वाभाविक आहे. तसे करू नये. लोखंड पकडणाऱ्या चकचे जबडे मेपलच्या शाफ्टवर वळ उमटवतात, आणि तेलकट हाताचा डाग लाकडातून निघत नाही. त्यापेक्षा पार्लरमधल्या जुन्या मार्करला, म्हणजे टेबल सांभाळणाऱ्याला, विचारावे. "अण्णा, एक टिप माझ्यासमोर बसवून दाखवता का?" असे विचारले, की सहसा नाही म्हणत नाहीत, मात्र टेबलावर गर्दी नसलेली दुपारची वेळ पाहून जावे आणि कामाचे पैसे न मागताही द्यावेत.

टिप कितीही चांगली असली, तरी चॉकशिवाय ती घसरते. बॉलच्या मध्यापासून साधारण १४ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत, साईड देता येते. त्यापलीकडे मिसक्यू, म्हणजे टिप घसरून फसलेला फटका, ठरलेला. चॉक प्रत्येक शॉटआधी लावावा, पण खडूला भोक पडेल असा गरगर फिरवू नये. टिपवर हलकेच पुसल्यासारखा लावावा आणि रंग सर्वत्र बसला का ते पाहावे. ठेवताना रंगाची बाजू वर ठेवावी, नाहीतर रेलवर आणि मग पुढच्या माणसाच्या बाहीवर निळा डाग पडतो. पावसात पार्लरचा चॉक ओलसर होऊन गुळगुळीत पडतो, म्हणून आपला खडू छोट्या डबीत घेऊन जावा. स्वतःची स्टिक नेणाऱ्याने हेही ठरवून टाकावे की ती ब्रेकसाठी कोणाला द्यायची नाही. हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे अशी बोली असेल, तर चुरशीच्या भरात उसन्या स्टिकची कोणी फिकीर करत नाही. दुसऱ्याच्या स्टिकलाही विचारल्याशिवाय हात लावू नये.

पावसाळ्यातील निगा सोपी आहे, पण ती रोज करावी लागते. घामेजल्या हातावर पावडर टाकली की दमट हवेत तिचा लगदा होतो आणि तो शाफ्टच्या छिद्रांत बसतो. त्याऐवजी तीन बोटांचा हातमोजा घालावा. खेळ संपल्यावर शाफ्ट कोरड्या सुती फडक्याने पुसावा, ओल्या फडक्याने नाही, कारण पाण्याने लाकडाचे तंतू उठतात. चिकटपणा घालवायला पॉलिश पेपर मारण्याची सवय वाईट; दर वेळी शाफ्ट थोडा बारीक होत जातो आणि वर्षभरात फेरुलची कड हाताला लागू लागते. स्टिक भिंतीला तिरकी टेकवून ठेवली की बाक येतो. कौलारू घरात पावसाच्या बाजूच्या भिंतीला ओल येते, तेव्हा कडक केस आतल्या खोलीतील कपाटात आडवी ठेवावी आणि तिच्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. भिजलेली स्टिक चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नये, आणि मे महिन्यात बंद मोटारीतही सोडू नये.

फेरुललाच तडा गेला असेल, तर घरी काही करू नये. तो भरून वर टिप चिकटवली, तर पहिल्याच जोरदार ब्रेकला तडा लाकडात उतरतो. अशा वेळी फक्त शाफ्ट सुटा करावा, सांध्यावर टोपण लावावे, फडक्यात गुंडाळून जाड पीव्हीसी पाइपमध्ये घालावा, दोन्ही टोकांना कागदाचे बोळे कोंबावेत आणि पुण्यातील किंवा बंगळुरूतील स्टिक दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवावा. पाठवण्याआधी फेरुलचा व्यास आणि सांध्याच्या पिनेचा प्रकार फोनवर कळवावा, म्हणजे त्याच्याकडे तसा फेरुल नसेल तर शाफ्ट विनाकारण पडून राहणार नाही.